अणुवीज-केंद्रांचें न मोजलेलें पाणी

पाटाच्या तोंडाशीं पाटकरी उभा असतो; फळी किती उचलली तें तो पाहतो व वहींत टिपून ठेवतो. परंतु त्याच पाटाच्या बांधाला मधेंच घुशीनें बीळ पाडलेलें असलें, तर वहींतला आंकडा बरोबर असूनहि शेवटच्या शेतास पाणी पोंचत नाहीं. आणि ज्याच्या शेतांत तें नको असतां शिरतें, त्याच्या उभ्या पिकाची नासाडी होते ती निराळीच. आमच्या वाचकांस हा अनुभव नवा नाहीं. आज आम्ही ज्या विषयाकडे त्यांचें लक्ष वेधणार आहों तो वरवर पाहतां शेतीपासून पुष्कळ दूरचा, म्हणजे अणुशक्तीपासून वीज काढणाऱ्या केंद्रांतील किरणोत्सर्गी पाण्याचा आहे. पण त्याचें मर्म त्या घुशीच्या बिळांतच सांपडतें.

अणुवीज-केंद्रास थंडाव्यासाठीं पाणी फार लागतें. त्यामुळें तें नदीच्या, तलावाच्या किंवा समुद्राच्या कांठींच बांधावें लागतें, आणि जेथें पाणी तेथें शेती व वस्ती हीं आलींच. महाराष्ट्रांत तारापूरचें केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, तें समुद्रकांठीं आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील जैतापूरच्या योजनेची चर्चा तर आंब्याचे बागाइतदार व मच्छीमार यांच्या घरोघर झालेली आहे. असें असतां या लेखांतील बहुतेक उदाहरणें आम्ही अमेरिकेंतील देत आहों. याचें कारण एवढेंच कीं, तेथें अशा प्रसंगांची चौकशी होऊन तिचे कागद सर्वांस वाचावयास खुले झाले आहेत.

अशा केंद्रांतून किरणोत्सर्गी पाणी मुळींच बाहेर जात नाहीं, असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नव्हे. तें जातें, आणि परवानगीनें जातें. केंद्रांतील गळतीचें, धुण्याचें व निचऱ्याचें सर्व मळकें पाणी नळांनीं गोळा करून टाक्यांत सांठवितात. तें गाळून व रसायनांच्या थरांतून काढून त्यांतील किरणोत्सर्गी द्रव्यें जितकीं निघतील तितकीं काढतात. मग टाकीस येणारे नळ बंद करून आंतील पाणी पंपानें घुसळतात, म्हणजे वरचें व तळचें एकजीव होतें. त्याचा नमुना प्रयोगशाळेंत जातो. आंकडा आला, हिशेब झाला, अधिकाऱ्याची सही झाली, म्हणजे तें पाणी थंडाव्याच्या मोठ्या प्रवाहांत थोडें थोडें सोडतात. सोडण्याच्या नळावर किरण मोजणारें यंत्र बसविलेलें असतें; ठरीव मर्यादेपेक्षां अधिक कांहीं दिसलें तर तें आपोआप व्हॉल्व्ह बंद करतें. अमेरिकेंत एका भट्टीच्या पाण्यामुळें शेजारच्या रहिवाशास वर्षाकाठीं ३ मिलिरेमहून अधिक मात्रा पोंचूं नये असा दंडक आहे. तेथील माणसास जमीन, आकाश व अन्न यांपासून निसर्गतःच मिळणारी मात्रा वर्षाला सुमारें ३०० मिलिरेम असते, हें लक्षांत घेतां दंडक कडकच म्हटला पाहिजे.

ही व्यवस्था चांगली आहे, व ती नीट चालली तर आमची तिजविषयीं तक्रार नाहीं. आमचें म्हणणें आहे तें या दारानें न जाणाऱ्या पाण्याविषयीं.

त्या पाण्यांत बहुधा सांपडणाऱ्या द्रव्याचें नांव ट्रिटियम. हा हायड्रोजनचाच एक जड व किरणोत्सर्गी भाऊ होय. मीठ जसें पाण्यांत विरघळतें तसा हा विरघळत नाहीं. हा पाण्याचा कणच बनतो. त्यामुळें तो गाळून निघत नाहीं कीं उकळून जात नाहीं. सीझियमसारखीं द्रव्यें चिकणमातीस धरून बसतात व फार दूर जात नाहींत. ट्रिटियमला मात्र जमीन अडवीत नाहीं. झऱ्याचें पाणी जिकडे जाईल तिकडे तोहि त्याच चालीनें जातो. त्याचा जोर निम्म्यानें कमी होण्यास १२.३ वर्षें लागतात. त्याचे किरण इतके दुर्बळ कीं ते कातडींतून आंत शिरत नाहींत. म्हणून धोका आहे तो तें पाणी पिण्यांत किंवा इतर वाटेनें पोटांत जाण्यांत. पण याच दुर्बळपणामुळें नळावरचें नेहमींचें मापक यंत्र त्याला पाहूंहि शकत नाहीं. नमुना घेऊन प्रयोगशाळेंतच तो शोधावा लागतो. म्हणजे दारावर पहारेकरी आहे, परंतु या एका पाहुण्यापुरता तो आंधळा आहे.

पिण्याच्या पाण्यांत ट्रिटियम किती चालेल, याविषयीं जगांत एकमत नाहीं. अमेरिकेंतील मर्यादा लिटरास २०,००० पिकोक्युरी, म्हणजे ७४० बेकरेल आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें मार्गदर्शनासाठीं दिलेला आंकडा १०,००० बेकरेल आहे. यावरून इतर किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मानानें हें विष सौम्य आहे, हें वाचकांस कळेल. घाबरून जाण्यासारखें तें नाहीं, व आम्हांस कोणास घाबरवावयाचेंहि नाहीं. परंतु ट्रिटियम हा पुढें धांवणारा जासूद आहे. तो विहिरींत दिसला याचा अर्थ कोठें तरी एक नळ फुटला आहे, आणि त्या नळांतून आणखी काय जातें हें पाहण्याची वेळ आली आहे.

आतां, पाणी दार सोडून बाहेर जातें कसें? ६ मे १९८० रोजीं अमेरिकेच्या अणु-नियामक मंडळानें सर्व केंद्रांस एक परिपत्रक धाडलें. त्याला निमित्त झालें उत्तर कॅरोलिना राज्यांतील ब्रन्स्विक केंद्राचें. तेथें वाफेसाठीं एक जादा बॉयलर होता. भट्टीच्या पाण्याशीं त्याचा कांहीं संबंध नसावयाचा; तो स्वच्छ समजला जाई. परंतु आंतल्या आंत मळकें पाणी त्यांत शिरलें, आणि तशाच स्थितींत तो पुष्कळ काळ चालविला गेला. पुढें त्याच्या नळ्या फुटल्या व किरणोत्सर्ग अशा वाटेनें बाहेर पडला कीं जेथें कोणी मोजणाराच नव्हता. मंडळानें सर्वांस सांगितलें तें थोडक्यांत असें: जी यंत्रणा तुम्ही स्वच्छ म्हणतां, पण जी मळक्या यंत्रणेच्या शेजारीं आहे, तिची यादी करा, तिच्या पाण्याचा नमुना ठरलेल्या मुदतीनें तपासा, ती मळली असें आढळलें तर धुऊन काढीपर्यंत वापर थांबवा, आणि वापर चालूच ठेवणें भाग असेल, तर आधीं लेखी विचार करून मगच ठेवा. आमच्या मतें या विषयांत याहून शहाणें असें पुढें फारसें कोणीं सांगितलेलें नाहीं.

स्वच्छ नळ मळतो कसा, हें समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. फवारणीचें औषध कालविण्यासाठीं विहिरीवरच्या पंपाची नळी पिंपांत बुडवून ठेवली, आणि मधेंच वीज गेली, तर नळींतील पाणी मागें विहिरीकडे ओढलें जातें व त्याबरोबर पिंपांतलें औषधहि. ठिबकाच्या नळींतून खत सोडणाऱ्यांनीं उलट न फिरणारा व्हॉल्व्ह बसवावा असें सांगतात, तें याचसाठीं. अणुवीज-केंद्रांतहि हेंच घडूं शकतें. धुण्यासाठीं स्वच्छ पाण्याची रबरी नळी मळक्या टाकीस जोडतात, काम संपल्यावर ती सोडण्याचें राहून जातें, आणि दाब उतरतांच पाणी उलटें फिरतें. उलट न फिरणारा व्हॉल्व्ह असतो खरा. पण त्याच्या तोंडांत कचऱ्याचा एक कण अडकला कीं तो पुरता मिटत नाहीं. खरा उपाय साधा आहे: नळीचें तोंड टाकींतील पाण्यापासून वीतभर वर ठेवावें. मधल्या हवेंतून पाणी मागें चढत नाहीं. जेथें तसें करतां येत नाहीं, तेथें जोडणी कामापुरतीच करावी, ती वहींत नोंदावी, आणि सोडल्याचीहि नोंद व्हावी.

दुसरी गोष्ट दाबाची. मळकें व स्वच्छ पाणी पातळ नळीच्या दोन बाजूंनीं वाहत असेल, तर शक्य तेथें स्वच्छ बाजूचा दाब अधिक ठेवतात. नळीस छिद्र पडलें तरी स्वच्छ पाणी मळक्यांत जाईल, मळकें बाहेर येणार नाहीं. परंतु कांहीं ठिकाणीं हें साधत नाहीं. ज्या भट्ट्यांत पाणी उकळूं न देतां दाबाखालीं तापवितात, त्यांत भट्टीकडील दाब चौरस इंचास २,२०० पौंडांच्या वर असतो, तर वाफेच्या बाजूचा त्याच्या निम्म्याहूनहि कमी. तेथें गळती झाली तर ती स्वच्छ बाजूसच होणार. म्हणून चक्रें फिरतात त्या दालनांतील निचऱ्याचे खड्डे, पावसाच्या पाण्याच्या मोऱ्या, इतकेंच नव्हे तर वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारें पाणीसुद्धां अधूनमधून तपासावें लागतें. आंतल्या हवेंत ट्रिटियमची वाफ असली तर ती त्या थेंबांत उतरते.

हें झालें केंद्राच्या भिंतींच्या आंतलें. शेतकऱ्याशीं खरी गांठ पडते ती जमिनींत पुरलेल्या नळांची. त्या बाबतींत इलिनॉय राज्यांतील ब्रेडवुड केंद्राची हकीगत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते, म्हणून ती जरा विस्तारानें देतों.

ब्रेडवुड हें शिकागो शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें ६० मैलांवर आहे. सभोंवार मका व सोयाबीन यांचा मुलूख, आणि शेजारीं गॉडली नांवाचें लहानसें खेडें. तेथील लोक आपापल्या घरच्या विहिरींचें पाणी पीत. जमीन वाळूची, पाणी थोड्या खोलीवर. केंद्रांत दोन भट्ट्या असून त्या १९८८ सालापासून चालू आहेत. थंडाव्याच्या तलावांतील जास्त झालेलें पाणी कँकाकी नदीस नेऊन सोडण्यासाठीं सुमारें ५ मैल लांबीचा नळ जमिनीखालून घातलेला होता, आणि परवानगीचें ट्रिटियमचें पाणीहि त्यांतच मिसळून नदीकडे जाई. उपसा-सिंचनाचा नळ ज्यांच्या शेतांतून गेला आहे त्यांना ठाऊक आहे कीं, लांब नळावर ठिकठिकाणीं एअर-व्हॉल्व्ह बसवावे लागतात. नळ रिकामा होतांना हवा आंत घेतली नाहीं तर तो दबून फुटावयाचा. ब्रेडवुडच्या नळावर असे अकरा व्हॉल्व्ह होते. घुशीचीं बिळें तीं हींच.

१९९६ सालीं एक व्हॉल्व्ह बिघडून सुमारें अडीच लाख गॅलन, म्हणजे जवळ जवळ साडेनऊ लाख लिटर, पाणी बाहेर गेलें. १९९८ सालीं दुसरा बिघडला. त्या वेळीं सुमारें तीस लाख गॅलन, म्हणजे एक कोटी तेरा लाख लिटर गेलें. २००० सालीं तिसरा बिघडला व पुन्हां जवळ जवळ तितकेंच गेलें. दर वेळीं व्हॉल्व्ह दुरुस्त झाला. परंतु वाहून गेलेल्या पाण्यांत काय होतें व तें मातींत कोठवर मुरलें, याची जशी व्हावयास पाहिजे होती तशी तपासणी झाली नाहीं. पुढें नियामक मंडळानें हाच ठपका ठेवला. येथें वाचकांनीं एक बारीक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मोजणी झाली नव्हती असें नाहीं. मोजणी नळाच्या वरच्या टोंकाशीं होत होती, आणि हिशेबाप्रमाणें तें सर्व पाणी नदींत पडावयाचें होतें. मधल्या पांच मैलांवर कोणाचा पहारा नव्हता, एवढेंच.

हें प्रकरण बाहेर आलें तें २००५ च्या अखेरीस. केंद्राच्या जमिनीखालील पाण्यांत कांहीं ठिकाणीं ट्रिटियम पिण्याच्या मर्यादेच्या दहापटींहून अधिक सांपडलें. कुंपणाबाहेर एका घराच्या विहिरींत १,४०० ते १,६०० पिकोक्युरी आढळलें. हें मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी. म्हणजे त्या घरच्या माणसांच्या प्रकृतीस त्यापासून अपाय व्हावा असें प्रमाण नव्हतें. तरीहि त्या माणसांच्या जागीं आम्ही क्षणभर स्वतःस कल्पून पाहिलें. पहिली गळती १९९६ ची, बातमी २००५ ची. मधल्या नऊ वर्षांत त्या विहिरीवर किती घागरी भरल्या गेल्या असतील! पाणी वाईट होतें कीं नव्हतें हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं सोडविला. पण ज्याची विहीर त्याला विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं, या गोष्टीला पिकोक्युरींत उत्तर देतां येत नाहीं.

पुढें कंपनीनें त्या नळांतून ट्रिटियमचें पाणी सोडणें बंद केलें व गॉडलीच्या लोकांस बाटल्यांतून पाणी पुरविलें. राज्याच्या महाधिवक्त्यानें मार्च २००६ मध्यें दावा लावला, आणि २०१० सालीं त्या कंपनीच्या ब्रेडवुडसह तीन केंद्रांविषयींच्या तक्रारी मिळून दहा लाख डॉलरांवर रक्कम देण्याच्या ठरावानें तो मिटला.

नियामक मंडळानें चौकशीसाठीं एक समिती नेमली, तिचा अहवाल सप्टेंबर २००६ मध्यें आला. लोकांच्या आरोग्यास बाध आल्याचें दिसत नाहीं असें सांगून तिनें २६ सूचना केल्या. आमच्या दृष्टीनें त्यांतील मुख्य कबुली ही कीं, केंद्राच्या आवारांतील भूजल तपासलेंच पाहिजे असा सरसकट नियम तोंवर नव्हता, आणि सुरक्षेशीं ज्यांचा संबंध नाहीं असे पुरलेले नळ कोणी उकरून पाहत नसे. २००७ पासून वीज-कंपन्यांनीं आपण होऊन एक शिस्त पत्करली: प्रत्येक केंद्राखालील झऱ्यांची दिशा शोधावयाची, उताराच्या बाजूस पाहणीच्या विहिरी खणावयाच्या, आणि १०० गॅलनांहून, म्हणजे सुमारें ३८० लिटरांहून अधिक गळती जमिनींत गेली तर पुढचा कामाचा दिवस संपण्यापूर्वीं राज्याच्या व गांवच्या अधिकाऱ्यांस कळवावयाचें. आवारांतील जमिनीखालीं साचलेलें दूषण मोजण्याचें बंधन सरकारी नियमांत आलें तें २०११ सालीं. त्याच सालीं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें सरकारी कागद चाळून असें प्रसिद्ध केलें कीं, अमेरिकेंतील ६५ केंद्रस्थळांपैकीं निदान ४८ ठिकाणीं केव्हां ना केव्हां ट्रिटियम गळलेलें आहे.

तेवढ्यानें प्रश्न मिटला, असें मात्र नाहीं. व्हरमाँट राज्यांतील व्हरमाँट यांकी केंद्राच्या चालकांनीं, किरणोत्सर्गी पाणी वाहणारे पुरलेले नळ आमच्याकडे नाहींत, अशी समजूत राज्याच्या अधिकाऱ्यांची करून दिली होती. जानेवारी २०१० मध्यें तेथील पाहणीच्या विहिरींत ट्रिटियम निघालें. शोध करतां एका भुयारांत नळ गळत असून त्या भुयाराची मोरीच चोंदलेली आढळली. गळती पकडण्यासाठीं जी मोरी केली तीच बुजल्यावर पाणी भिंतींतून मातींत गेलें. पुढल्या महिन्यांत राज्याच्या वरिष्ठ सभेनें केंद्राची मुदत वाढविण्याविरुद्ध २६ विरुद्ध ४ मतांनीं कौल दिला. तो कौल ट्रिटियमपेक्षां त्या खोट्या ठरलेल्या शब्दाविरुद्ध अधिक होता, असें आम्हांस वाटतें.

मिनेसोटा राज्यांतील माँटिसेलो येथें नोव्हेंबर २०२२ मध्यें सुमारें चार लाख गॅलन पाणी गळाल्याचें उघडकीस आलें. कंपनीनें सरकारास लागलीच कळविलें. पण मिसिसिपी नदीकांठच्या सामान्य लोकांस तें समजलें मार्च २०२३ मध्यें. जपानांतील फुकुशिमा येथें तर ऑगस्ट २०१३ मध्यें एका टाकींतून सुमारें ३०० टन अतिशय दूषित पाणी गेलें. टाक्यांभोंवतीं काँक्रीटचा बांध घातलेला होता. परंतु आंत सांचणारें पावसाचें पाणी जावें म्हणून त्या बांधाचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवलेले होते!

या सर्व हकीगतींवरून उपायांची दिशा दिसते. नळ मातींत न पुरतां झांकण काढून पाहतां येईल अशा पक्क्या चरांतून न्यावा. पुरावाच लागला तर दुहेरी घालावा व दोन नळांमधील पोकळींत ओल आल्यास कळेल अशी सोय करावी. टाकीभोंवतीं बांध असावा व त्याचा व्हॉल्व्ह बंद असावा. सांचलेलें पावसाचें पाणीहि नमुना पाहिल्यावांचून सोडूं नये. मोरी वाहते कीं नाहीं हें पाणी ओतून पाहावें. यांत खर्च आहे, पण ब्रेडवुडच्या एका व्हॉल्व्हपायीं झालेल्या खर्चाच्या मानानें तो थोडाच.

आतां आपल्याकडे वळतों. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या आहेत. तिसरी व चौथी जड पाण्याच्या. जड पाण्यांत ट्रिटियम साध्या पाण्यापेक्षां पुष्कळच अधिक तयार होतें, म्हणून तेथें न मोजलेल्या थेंबाची किंमतहि अधिक. भारतांत प्रत्येक केंद्रस्थळीं पर्यावरण-पाहणीची प्रयोगशाळा असते व ती केंद्र सुरू होण्यापूर्वींपासून समुद्राचें पाणी, मासे, दूध, भाजीपाला यांचे नमुने तपासते. ही पद्धत उत्तम आहे. पालघर-डहाणूच्या पट्टींतील आमच्या वाचकांनीं आपल्या ग्रामपंचायतीमार्फत लेखी विचारणा करून, आपल्या गांवची कोणती विहीर या तपासणींत आहे, तिचा आंकडा काय आला, व केंद्राकडून समुद्राकडे जाणारे नळ जमिनीखालून कोठून गेले आहेत, हें अवश्य मागवून घ्यावें. राजापूर तालुक्यांतील वाचकांस तर आणखी एक सोय आहे: तेथें अद्याप भट्टी नाहीं, तेव्हां आजचा आंकडा हा कोरा आंकडा आहे, व तो एकदां हातचा गेला कीं पुन्हां मिळावयाचा नाहीं.

ट्रिटियमसाठीं पाण्याचा नमुना देतांना बाटली कांचेची, स्वच्छ व कोरडी असावी. ती कांठोकांठ भरावी, आंत हवा राहूं देऊं नये, व बूच घट्ट लावावें. कोणतेंहि औषध किंवा आम्ल टाकूं नये. एक नमुना वैशाखांत विहीर तळाला गेली असतां व दुसरा पावसाळा संपल्यावर घ्यावा. चिठ्ठीवर तारीख, विहिरीची खूण व पाण्याची पातळी किती हात खालीं होती तें लिहावें, आणि त्या चिठ्ठीची एक नक्कल घरीं ठेवावी.